वारस कोण कोण?

शेतकरी गेला की कायद्याने त्याची जमीन त्याच क्षणी वारसांची होते. कागदावर तसं व्हायला मात्र कुणीतरी तलाठ्याकडे जाऊन वर्दी द्यावी लागते. ही वर्दी कोण देतं यावर त्या घरातल्या बायकांची पुढची तीस-चाळीस वर्षं ठरतात, हे मी नोकरीभर पाहिलं. माझ्याकडे बहुतेक वेळा मयताचा भाऊ यायचा, नाहीतर थोरला मुलगा, नाहीतर गावातला एखादा कागदपत्रातला जाणकार. हातात प्लॅस्टिकची पिशवी. तीत मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, रेशनकार्डाची झेरॉक्स, बाँडवरचं शपथपत्र आणि त्यात टाइप केलेली वंशावळ.

वंशावळ आधी वाचायची सवय मला पहिल्याच सज्ज्यावर लागली. मी १९९६ साली तलाठी झाले. १९९४ च्या महिला धोरणाने सरकारी नोकऱ्यांत बायकांना ३० टक्के आरक्षण मिळालं, त्यातून आलेल्या पहिल्या पोरींपैकी मी एक. मराठवाड्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका कोरडवाहू तालुक्यात मला सज्जा मिळाला. तिथं मंडळ अधिकाऱ्याला लोक अजून निजामाच्या काळासारखं गिरदावरच म्हणतात. तलाठ्याला भाऊसाहेब म्हणायची रीत. कितीतरी म्हातारे मलाही सवयीनं ‘रामराम भाऊसाहेब’ घालायचे आणि मग कोतवाल खाली मान घालून हसायचा.

वंशावळीत पुरुष असायचे. मयताचा बाप, मयत, त्याचे मुलगे. लेकी नसायच्या. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘‘हायेत की दोघी, पण त्या दिल्या घरी सुखी हायेत.’’ लग्न झालेल्या लेकीचं नाव बापाच्या रेशनकार्डावर नसतं, त्यामुळे कागदाला कागद जुळायचा. फेरफार प्रमाणित करायला गिरदावराकडे गेला की तोही तेवढंच पाहायचा. यात कुणी लबाडी करतंय असं कुणालाच वाटत नसे, लेकींनाही नाही.

हिंदू वारसा कायदा १९५६ चा. मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या हिश्श्याला पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि आई. सगळ्यांना सारखा वाटा. मी नोकरीला लागले तेव्हा त्या कायद्याला चाळीस वर्षं झाली होती. पण दप्तरातली जुनी फेरफार वही उघडली की एकाखाली एक तीच नोंद: मयताचे पश्चात मुले अमुक व तमुक, अज्ञान, अ.पा.क. आई. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलं लहान, म्हणून त्यांच्या वतीनं आई. त्या बाईचं नाव सातबाऱ्यावर यायचं, पण मुलांच्या जमिनीची राखण करणारी म्हणून. मुलं अठरा वर्षांची झाली की एका अर्जावर ‘अ.पा.क. शेरा कमी’ व्हायचा आणि आई सातबाऱ्यावरून उतरायची. तिचा स्वतःचा मुलांएवढाच वाटा होता, तो कधी लिहिलाच गेला नाही. दुसरी जागा म्हणजे ‘इतर हक्क’. कब्जेदाराच्या रकान्यात भाऊ, आणि बँकेचा बोजा, विहिरीतलं पाणी, वहिवाटीचा रस्ता जिथं लिहितात त्या रकान्यात आई नाहीतर बहीण. नोंदी करणारे तलाठी माझ्यासारखेच शिकलेले होते. त्यांना कायदा माहीत नव्हता असं मला वाटत नाही. गावाचा रिवाज त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून घेतला, एवढंच.

एक प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण त्याचा धागा अजून माझ्याकडे येत असतो.

२००२ चा उन्हाळा. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून एक तरणा शेतकरी गेला. तेरावं झालं आणि त्याचा थोरला भाऊ वर्दी घेऊन आला. पाच एकर जमीन, भावाभावांची वाटणी आधीच झालेली, त्यामुळे सातबारा मयताच्या एकट्याच्या नावावर. कागद नीट लावलेले होते.

‘‘वारस कोण कोण?’’

‘‘दोन पोरं.’’

‘‘केवढी?’’

‘‘एक सहाचं, एक तिनाचं.’’

‘‘आणि अ.पा.क. म्हणून तुमचं नाव कसं?’’

‘‘म्या नाय तर कोण सांभाळणार?’’

म्हणजे इथं आई राखणीलासुद्धा नव्हती. मी त्यांना सांगितलं की बाप गेल्यावर पालक आईच. ती जिवंत असताना चुलता पालनकर्ता होत नाही. शिवाय ती नुसती पालक नाही, वारस आहे. ते शांतपणे ऐकून घेत होते. मग खुर्ची जरा पुढं ओढून म्हणाले, ‘‘मॅडम, पंचवीसची बाई हाय. उद्या दुसरा दादला केला तर जमीन घेऊन जाईल.’’

‘‘जमीन कुठं नेता येते? ती आहे तिथंच राहते,’’ मी म्हणाले. त्यांना ते आवडलं नाही. पण ही भीती मी इतक्यांदा ऐकली आहे की तिचं उत्तर सांगून टाकते. वारसा उघडतो मृत्यूच्या दिवशी. त्या दिवशी ती त्याची विधवा होती, एवढं पुरतं. पुढं तिनं लग्न केलं तरी मिळालेला वाटा जात नाही. विधुरानं दुसरं लग्न केलं तर त्याची जमीन जाईल का, असं विचारणारा मला आजवर भेटलेला नाही.

बाई सव्वा महिना घराबाहेर पडत नाही म्हणाले, तेव्हा कोतवालाला घेऊन मीच गेले. ती आतल्या खोलीच्या दारामागं. मी विचारायचे आणि मोठी जाऊ उत्तर द्यायची. तिला काय कळतंय, दादा करतील ते बरोबर, असं. ओसरीच्या खांबाला धरून एक आठ-नऊ वर्षांची पोर उभी होती.

‘‘ही कुणाची?’’

‘‘तिचीच की. थोरली.’’

तर वंशावळीत थोरली पोर नव्हतीच. मी तिथंच बोटांवर वारस मोजले: बायको, मुलगी, दोन मुलगे. मग कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या सासूकडे वळले. म्हातारी तोवर माझ्याकडे ‘ही कोण अवदसा आली घरात’ अशा नजरेनं बघत होती.

‘‘आणि पाचव्या तुम्ही, आजी. मुलाच्या जमिनीत आईचा वाटा असतो.’’

‘‘माजं नाव?’’

‘‘तुमचं नाव. एक एकर.’’

म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. नवरा होता तोवर जमीन त्याची, मग लेकांची. तिनं त्या जमिनीत नांगरामागं पेरलं होतं, बाळंतपणाच्या आदल्या दिवशीपर्यंत खुरपलं होतं, हे तिनंच नंतर मला सांगितलं. त्या दिवशी ती फक्त एवढंच म्हणाली, ‘‘मंग लिव्हा की. बाई म्हणती तसं लिव्हा.’’ थोरला लेक आई, आई करत राहिला. दारामागून सून पहिल्यांदा बाहेर आली आणि तिनं सही केली, चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात.

नोटीस निघाली की हरकतीला पंधरा दिवस असतात. थोरल्यानं हरकत घेतली आणि नोंद तक्रारीत गेली. सुनावणीत त्यांना विचारलं, बाईचं नाव लावू नये याचं कारण लेखी द्या. वकिलानं दोन तारखा घेतल्या, पण कारण काही लिहून आलं नाही. पाच नावं लागली. दरम्यान मी घरं फोडते अशी हाकाटी झाली, एका पुढाऱ्याचा फोन आला, वरिष्ठांनी ‘जरा सबुरीनं घ्या’ म्हणून सांगितलं. असले फोन त्या नोकरीत सगळ्यांनाच येतात, पुरुषांनाही.

इथं गोष्ट सुफळ संपूर्ण झाली असं समजू नये. सातबारा मिळाला आणि शेत मिळालं नाही, असे पहिले दोन हंगाम गेले. दिरानं आपल्या बांधावरून जायची वाट बंद केली. नांगरटीला बैल मिळेनात. विहीर सामाईक, आणि पाण्याची पाळी रात्रीची. वीजच रात्री यायची. एकट्या बाईनं रात्री दोन वाजता मोटार चालू करायला कसं जायचं, तेही नवरा जिथं गेला त्याच विहिरीवर? तिनं शेवटी शेजारच्या शिवेवरच्या एका माणसाला जमीन बटईनं दिली. सोसायटीच्या सचिवानं पीककर्जाच्या अर्जावर ‘कर्ता पुरुष कोण’ असं विचारलं. फॉर्मवर तो रकाना नव्हताच, तो सचिवाच्या डोक्यात होता.

नाव लागल्याचा उपयोग तिला बारा वर्षांनी नीट कळला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली. गहू, हरभरा, ज्वारी आडवी झाली, झाडांखाली पाखरांचा खच पडला होता. पंचनामे सातबाऱ्यावरच्या नावानं झाले आणि पैसे खात्यावर आले. त्या गावात कितीतरी विधवांच्या नुकसानीचे पैसे दिराच्या, सासऱ्याच्या खात्यावर गेले आणि त्या मागायला गेल्या तर ‘घरातच आलेत की’ असं उत्तर मिळालं. हिच्या खात्यावर हिचे आले. तोवर ती बटई मोडून स्वतः सोयाबीन करायला लागली होती.

मी कृषी गणनेचे तक्तेही भरले आहेत; ते काम तलाठ्याकडेच असतं. २०१५-१६ च्या गणनेत देशभरात शंभरातले जेमतेम चौदा खातेदार बाया निघाल्या, १३.९६ टक्के. क्षेत्र धरलं तर १२ टक्क्यांहूनही कमी. तक्ता भरताना मला एक गोष्ट दिसायची ती आकड्यात उतरत नाही. त्या चौदांत नोकरदार नवऱ्यानं विकत घेऊन बायकोच्या नावावर ठेवलेली जमीन असते, आणि त्या बाईला आपला गट नंबर सोडा, शेत कुठल्या शिवारात आहे हेही ठाऊक नसतं. शंभरातल्या उरलेल्या शहाऐंशी खात्यांच्या रानात मात्र सकाळी नऊला जाऊन बघावं: खुरपायला कोण, कापूस वेचायला कोण, सरी भरायला कोण. त्या रकान्याचा तक्ता नाही.

पुरुषांनी आपणहून नाव लावल्याचंही पाहिलं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ साली चांदवडला महिलांचं मोठं अधिवेशन भरवलं आणि पुढं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. शेतकऱ्यानं स्वतःच्या हातानं बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्यावा, अशी ती हाक होती. कोर्टात न जाता, सरकारकडे न मागता. त्यानंतर १९९२ मध्ये शासनानं परिपत्रक काढून नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची वाट मोकळी केली. ते परिपत्रक मला दप्तरात सापडलं नाही, संघटनेचा बिल्ला लावणाऱ्या एका साठीच्या शेतकऱ्यानं ते घडी घालून आणलं होतं. माझ्या गिरदावरानं त्याला दोनदा परत पाठवलं, रजिस्ट्री करा म्हणून. तिसऱ्यांदा आला तेव्हा बायकोलाच घेऊन आला. ‘‘तुम्हाला हिच्यापेक्षा जास्त माहिती असंल तर सांगा,’’ असं त्यानं गिरदावराला सुनावलं, ‘‘आमच्या मळ्याचा हिशोब माझ्याकडं नसतो, तिच्याकडं असतो.’’ नाव लागलं. असे अर्ज माझ्या उभ्या नोकरीत फार थोडे आले. चळवळ ओसरली की अर्जही ओसरतात.

घराचं म्हणाल तर तिथं गेल्या काही वर्षांत सरकारनं बरं काम केलं आहे, हे मान्य करायला हवं. घर दोघांचं म्हणून ग्रामपंचायतीच्या नमुना आठला नवरा-बायको दोघांची नावं लावायचा आदेश २००३ मध्येच निघाला होता. २०१६ पासूनच्या ग्रामीण आवास योजनेत घरकुल बाईच्या किंवा दोघांच्या नावावर मंजूर होतं, सपाटीच्या भागात १ लाख २० हजार रुपये. पण नमुना आठ ही घरपट्टीची वही आहे, मालकीचा दाखला नाही. आणि घरकुल बांधायला आधी जागा लागते. विधवेच्या नावानं घरकुल मंजूर, हप्ता यायची वाट, आणि गावठाणातली जागा सासऱ्याच्या नावावर. सासरा म्हणतो, थोरल्याच्या वाड्यालगत नको. अशा मंजुऱ्या परत गेलेल्या मी पाहिल्या. ज्या गावात सरपंच खमका, तिथं त्यानं गायरानाच्या कडेनं का होईना सोय लावली. नाही तिथं बाई पत्र्याखालीच राहिली.

आता बहिणींचं. हे विधवांपेक्षा अवघड, कारण विधवेच्या बाजूनं निदान दया उभी राहते.

महाराष्ट्रानं १९९४ मध्येच वडिलोपार्जित जमिनीत लेकीला मुलाबरोबरीनं जन्मतः हक्क दिला होता. अट एकच: २२ जून १९९४ च्या आधी तिचं लग्न झालेलं नसावं. माझं लग्न १९९१ चं, धाकट्या बहिणीचं १९९६ चं. एकाच बापाच्या दोघी लेकी; तिला हक्क, मला नाही. आम्ही त्यावर हसायचो, कारण तिनंही तो मागायचा नव्हता आणि मीही. मग ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि लग्नाची अट गेली. तालुक्याच्या गावी त्या वर्षी जी धांदल उडाली ती मी जवळून पाहिली. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेल्या वाटण्यांना धक्का लागणार नाही असं कायद्यात होतं, तर जुन्या तारखेचे बाँड शोधत लोक हिंडू लागले. ते जमलं नाही त्यांनी बहिणींना बोलावून घेतलं.

दुय्यम निबंधकाचं कार्यालय आमच्या तहसीलच्या आवारातच. सकाळी जीपगाड्या लागायच्या. चार-पाच बहिणी, कुणी पुण्याहून, कुणी उसाच्या फडावरून, ठेवणीतली लुगडी-साड्या नेसून. मुद्रांक शे-दोनशेचा, कारण रक्ताच्या नात्यातलं, बिनमोबदल्याचं हक्कसोडपत्र. निबंधक विचारायचे, राजीखुशीनं देताय ना? सगळ्या हो म्हणायच्या. पुढं यंत्रावर अंगठा घेणं सुरू झालं, तेव्हा म्हाताऱ्या बहिणींची पंचाईत व्हायची; खुरपं धरून बोटांच्या रेषाच गेलेल्या. कारकून ओला रुमाल द्यायचा, पुन्हा दाबा म्हणायचा, आणि भाऊ शेजारी उभा राहून ‘घाबरू नको आक्का’ म्हणायचा. मग स्टँडसमोरच्या हॉटेलात जेवण, एकेक साडी, आणि परतीची गाडी.

हे राजीखुशीनं होतं असं जे म्हणतात त्यांच्याशी मी वाद घालत नाही, मी फक्त सही न करणाऱ्या बहिणीचं पुढं काय झालं ते सांगते. तिला पुढच्या भाऊबीजेला बोलावणं येत नाही. तिच्या मुलीच्या लग्नात मामा येत नाही. नवऱ्याशी बिनसलं, हात उगारला गेला, तर चार दिवस जाऊन राहायला तिला जागा उरत नाही. आणि ही जागा बाई आयुष्यभर वापरेलच असं नाही, पण ती आहे या भरवशावर ती सासरी तोंड वर करून बोलते. त्या भरवशाची किंमत म्हणून ती तीन एकर सोडते. हिशोब चुकीचा नाही. भावाला असा सौदा कधी करावा लागत नाही, एवढंच.

आमचे वडील, आप्पा, २००९ मध्ये गेले. आईसह आम्हा चौघांची नावं लागली. लावताना भावानं काही अडवलं नाही, तो भला माणूस आहे. वर्षश्राद्धाला तो म्हणाला, ताई, येत्या सोमवारी तालुक्याला येशील का, दोघींनी सोबतच उरकून टाकू. धाकटी लगेच हो म्हणाली. मी म्हणाले, मी येणार नाही. जेवणं चालली होती. आई वाढता वाढता थांबली. ‘‘तुला काय कमी आहे गं? सरकारी पगार आहे, नवरा मास्तर आहे.’’ आईचं बरोबर होतं, मला काही कमी नव्हतं. मी सांगितलं, जमीन तूच कर, पीक तुझं, मी वाटणी मागणार नाही. पण नाव आप्पांच्या मागं लागलंय ते राहू दे. भाऊ म्हणाला, मग नाव ठेवून करणार काय? मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. दिवसभर इतरांना सांगत आले होते त्यातलं एकही वाक्य त्या ताटावर बसून तोंडातून निघेना.

त्या दिवाळीला बोलावणं आलं नाही. पुढच्या वर्षी मृग लागायच्या आधी भावाचा फोन आला, कारण पीककर्जाला बँक सगळ्या सहखातेदारांची संमती मागते. मी गेले, सही केली, त्याच्याच गाडीवर बसून शेत बघून आले. तेव्हापासून दर मृगाला हा फोन ठरलेला. आधी तो नुसता सहीपुरता असायचा, मग ‘यंदा तूर घेऊ का सोयाबीन’ असं विचारणं सुरू झालं. वहिनी अजून जरा अंतर राखून असते, तिचंही तिच्या माहेरी नाव काढून झालंय. आणि आईचं नाव राहिलं त्याचा फायदा असा की २०१९ पासून किसान सन्मानचे दर चार महिन्यांनी दोन हजार तिच्या खात्यावर पडतात. औषधाला ती कुणापुढं हात पसरत नाही. माझ्यावरचा तिचा राग मात्र पूर्ण गेलेला नाही.

लेकीच्या या हक्कासाठी बाप २००५ मध्ये हयात हवा की नको, यावर कोर्टांत पुष्कळ वर्षं घोळ होता. तो सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात मिटवला: हक्क जन्माचा, बाप तेव्हा जिवंत होता की नाही हे बघायचं कारण नाही. त्या आठवड्यात मला तालुक्यातून तीन भावांचे फोन आले. बहिणीचा एकही नाही.

आता मी निवृत्त आहे. माझ्या पदाचं नावही बदललं, तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. २०२५ मध्ये राज्यभर जिवंत सातबारा मोहीम निघाली, मयतांची नावं काढून वारसांची लावायची. तेव्हा ओळखीच्या नव्या पोरापोरींनी विचारलं की मॅडम, काय बघायचं? मी सांगितलं, रेशनकार्ड मिटवून ठेवा आणि गावातल्या एखाद्या म्हातारीला विचारा की या घरात लेकी किती. म्हाताऱ्यांना सगळ्यांची बाळंतपणं पाठ असतात.

आणि ती २००२ ची सूनबाई. आता तिचे केस पांढरे झालेत. सासू गेली, तिचा तो एक एकर कायद्यानं तिच्या वारसांत गेला, म्हणजे निम्मा तिन्ही नातवंडांना आणि निम्मा त्याच दिराला. त्यावरून बांधाचं भांडण झालं, मोजणी आणावी लागली. थोरली पोर शिकून नर्स झाली, लग्न होऊन संभाजीनगरला असते. गेल्या दिवाळीनंतर बाई माझ्या घरी आली, धाकट्या मुलाला घेऊन, हातात पिशवी.

‘‘ताई, पोरीचं नाव कमी करायचं हाय. कागद कसा करायचा सांगा.’’

‘‘पोरीला विचारलंस?’’

‘‘तिला काय इचारायचं? लग्नात दिलंय की. अन् तिथं सुखात हाय.’’

मी तिच्याकडे बघितलं. तिनं मान खाली घातली नाही. तिच्या मते तिचं म्हणणं रास्त होतं. तिनं वीस वर्षं राबून ती जमीन राखली होती, मुलगे तिच्याजवळ राहणार होते, म्हातारपण त्यांच्या हाती होतं. मी रीतसर जे सांगायचं ते सांगितलं: नोंदणीकृत दस्त लागतो, दोन साक्षीदार, मुलीनं स्वतः यायला हवं, तिच्याशिवाय होत नाही. तिच्या वाट्यात आजीकडून आलेला तुकडाही आहे, तोही लिहावा लागेल. आणि तुझ्या वेळी तुझं नाव कसं लागलं ते तिला सांग, मग ती काय म्हणते ते ऐक. धाकटा सगळं मोबाइलवर टिपून घेत होता.

आठवड्यानं पोरीचा मला फोन आला. तिनं पंधरा रुपये भरून डिजिटल सही असलेला सातबारा काढला होता आणि समोर ठेवून बोलत होती. आईला नाही म्हणायचं नाही, म्हणाली, पण आपला वाटा किती गुंठे, तो विहिरीकडचा की माळाकडचा, आणि वाटणीच झालेली नसताना तो कसा ठरवतात, एवढं आधी समजून घ्यायचंय. मी अर्धा तास समजावून सांगत होते. मधे तिनं ड्यूटीवरच्या कुणाला तरी सलाइन बघायला सांगितलं आणि पुन्हा विचारलं, ‘‘म्हणजे मी सही नाही केली तर मामला अडतो कुठं?’’

अडतो बँकेत. धाकट्याला बोअर पाडायचं आहे, कर्ज हवं आहे, आणि बँकेला सगळ्या खातेदारांच्या सह्या पाहिजेत. ती म्हणाली, कर्जाला देते की सही, त्याला कुठं नाही म्हणते. हक्कसोडाचं सुट्टी मिळाली की बघू. तिला अजून सुट्टी मिळालेली नाही.